चढाईत फाटलेलं लिगामेंट: ऑपरेशन कुणाला, कधी आणि त्याआधी काय

रुग्ण १९ वर्षांची मुलगी, सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातली. कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करणारी आणि त्याच जोडीला पोलीस भरतीची तयारी करणारी. वडिलांची थोडी द्राक्षबाग, घरात धाकटी दोन भावंडं. मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उपचाराचे तपशील मात्र सविस्तर देते आहे, कारण गुडघ्याचं लिगामेंट फाटलं की आपल्याकडे दोनच टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणजे "चोळून घे, बरं होतंय", आणि दुसरा "लगेच ऑपरेशन, नाहीतर गुडघा कायमचा गेला". या मुलीला पहिल्या महिन्यातच हे दोन्ही सल्ले मिळाले होते.

दुखापत आणि वाया गेलेला महिना

सरावाचा सामना चालू होता. चढाई करून परत फिरताना तिने डाव्या पायावर भार देऊन अंग मध्यरेषेकडे वळवलं. पाऊल मॅटवर घट्ट राहिलं, गुडघा आत वळला आणि आतून 'कट' असा आवाज आला. त्या क्षणी तिला कुणीही धरलेलं नव्हतं. ती स्वतःच उठून बाहेर आली आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला.

एवढ्या वर्णनावरूनच निदान बरंचसं होतं. अँटेरियर क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, हे गुडघ्याच्या आत तिरकं बसलेलं लिगामेंट नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याची पिळवटणारी हालचाल आवरतं. ते बहुतेक वेळा धडकेने फाटत नाही. पळता पळता थांबणं, उडी मारून उतरणं, पाय रोवून एकदम वळणं अशा वेळी फाटतं. सूज काही तासांतच आली तर सांध्यात रक्त उतरलं असा अर्थ घ्यायचा, आणि अशा दहा गुडघ्यांपैकी साधारण सातांमध्ये एसीएल फाटलेलं निघतं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर संशय आधी गादीवर, म्हणजे मिनिस्कसवर जातो. म्हणून "सूज कधी आली?" हा माझा पहिला प्रश्न असतो.

तिला मात्र त्या दिवशी हे कुणी विचारलं नाही. घरच्यांनी हाडवैद्याकडे नेलं. तिथे चोळणं झालं, गरम लेप झाला, घट्ट पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. "हाड शाबूत आहे, काही झालेलं नाही" असं ऐकून सगळे निर्धास्त झाले. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. तो काढावाच लागतो, कारण कधीकधी लिगामेंटबरोबर हाडाचा तुकडाही निघालेला असतो. पण सुजलेल्या गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला याचा अर्थ लिगामेंट शाबूत आहे असा होत नाही. आणि ताज्या दुखापतीवर चोळणं आणि शेकणं यांनी आतला रक्तस्राव वाढतो. पहिल्या काही दिवसांत बर्फ, हलकी दाबपट्टी, पाय उंच आणि चालायला कुबड्या एवढंच करावं, आणि आठ-दहा दिवसांनी सूज ओसरली की जाणत्या हाताकडून गुडघा तपासून घ्यावा.

तीन आठवडे लांब पट्ट्यात पाय सरळ बांधून ठेवल्यावर दुखणं गेलं, सूज गेली, ती चालू लागली. एसीएलमध्ये माणसं फसतात ती इथेच. सूज आणि दुखणं तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं जातंच, लिगामेंट जुळलेलं असो वा नसो. मग एके दिवशी बागेत बांधावरून उतरताना तिचा गुडघा अचानक सटकला आणि ती बसली. त्यानंतर घरचे तिला माझ्याकडे घेऊन आले.

तपासणीत काय दिसलं

ती डावा गुडघा किंचित वाकवूनच चालत होती. पूर्ण सरळ करायला सांगितलं तर सात-आठ अंश कमी पडत होते. मांडीचा घेर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने उतरला होता. तीन आठवडे बांधून ठेवण्याची ही किंमत. लॅकमन चाचणीत गुडघा वीस-तीस अंश वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. उजवीकडे ती थोडी सरकून टणकन थांबत होती. डावीकडे थांबण्याची जागाच हाताला लागत नव्हती. शिवाय सांध्याच्या आतल्या बाजूच्या रेषेवर, थोडं मागे, दाबल्यावर दुखत होतं. म्हणजे गादीचीही शंका होती.

एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटलेलं, गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल, थोडं ताणलेलं आणि आतल्या गादीच्या मागच्या भागात उभी चीर दिसली. ताणलेलं एमसीएल आपोआप भरून येतं, त्याची चिंता नव्हती. गादीची चीर मात्र पुढे सगळ्या निर्णयात महत्त्वाची ठरली.

रिपोर्ट वाचून वडिलांनी विचारलं, "मॅडम, आता नीट चालतीया की पोरगी. मग ऑपरेशन कशाला?" मुलीने त्याच दमात विचारलं, "ऑपरेशन केलं की किती दिवसांत खेळायला मिळंल?" मी दोघांनाही सांगितलं की आज यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. आधी गुडघा सरळ झाला पाहिजे आणि मांडी परत भरली पाहिजे. आखडलेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर जास्तच आखडतो. आणि ऑपरेशन करायचंच नाही असं ठरलं तरी हेच व्यायाम लागणार.

समोर असलेले पर्याय

ऑपरेशन न करता फक्त व्यायाम हा पहिला पर्याय. त्याला पुष्कळ जण "काहीच न करणं" समजतात, ते बरोबर नाही. त्यात तीन ते सहा महिने नेटाने ताकद वाढवायची असते, एका पायावर तोल सांभाळायला शिकायचं असतं, उडीतून नीट उतरायला शिकायचं असतं. एसीएल नसतानाही काही गुडघे स्नायूंच्या जोरावर छान स्थिर राहतात. कुठला गुडघा राहील हे पहिल्या महिन्यात सांगता येत नाही, व्यायाम केल्यावरच कळतं.

याबाबत स्वीडनमधला एक अभ्यास मी प्रत्येक रुग्णाला सांगते. तो २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १२१ तरुण, खेळत्या माणसांचे दोन गट केले होते. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं आणि मग व्यायाम दिले. दुसऱ्याला आधी व्यायाम दिले, आणि गुडघा सटकतच राहिला तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्याच्या तक्रारींत म्हणावा असा फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांपैकी २३ जणांना तोवर ऑपरेशन करावं लागलं होतं, आणि पाच वर्षांपर्यंत हे प्रमाण निम्म्यापर्यंत गेलं. निम्म्यांचं ऑपरेशन टळलं हे खरं, आणि निम्म्यांना ते लागलं हेही खरं. यात व्यावसायिक खेळाडू नव्हते हेही लक्षात ठेवायला हवं. ब्रिटनमधला २०२२ सालचा लॅन्सेटमधला ३१६ जणांचा अभ्यास वेगळ्या रुग्णांचा होता. त्यांची दुखापत जुनी होती आणि गुडघा अजून सटकत होता. तिथे ऑपरेशन झालेल्यांची अवस्था जास्त चांगली निघाली. माझ्या मते हे दोन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. ताज्या गुडघ्याला व्यायामाची संधी द्यावी, आणि ती देऊनही जो गुडघा सटकत राहतो त्याच्या ऑपरेशनला उशीर करू नये.

दुसरा पर्याय एसीएलची पुनर्रचना. फाटलेल्या एसीएलची टोकं नुसती शिवून ती बहुतेक वेळा टिकत नाहीत, म्हणून दुसरीकडचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) घेऊन दुर्बिणीतून त्या जागी नवं लिगामेंट बसवतात. अलीकडे ऑस्ट्रेलियात गुडघा काही आठवडे नव्वद अंशात ब्रेसमध्ये ठेवून एसीएल जुळू देण्याचा उपचार पुढे आला आहे. २०२३ च्या अहवालात ८० पैकी बहुतेकांच्या एमआरआयमध्ये तीन महिन्यांनी जुळण्याची चिन्हं दिसली. पण तो दुखापतीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच आणि कडक देखरेखीत सुरू करावा लागतो. तिच्यासाठी ती वेळ निघून गेली होती. कुणीतरी पीआरपीचं, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सचं, इंजेक्शनही सुचवलं होतं. पूर्ण फाटलेलं एसीएल त्याने जुळतं याला भक्कम पुरावा नाही, आणि त्या पैशांत तिचे बरेच महिन्यांचे व्यायाम होतात. मी स्पष्ट नको म्हणाले.

हाच एमआरआय तिच्या वडिलांचा असता तर माझा सल्ला वेगळा असता. पंचेचाळिशीचा माणूस, बागेतली कामं, मोटारसायकल, पळापळी नाही. व्यायाम करून पाहा, सहा महिन्यांनी बोलू, असं मी म्हणाले असते. उपचार एमआरआयच्या कागदावर ठरत नाही, त्या गुडघ्याला पुढे काय करायचं आहे यावर ठरतो. आणि तिच्या गुडघ्यापुढे दोन वेगळी कामं होती. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. धावणं सरळ रेषेत असतं, तेवढं एसीएलशिवायही बऱ्याच जणांना जमतं. कबड्डीत मात्र प्रत्येक चढाईला पाय रोवून वळायचं असतं, तेही समोर पाच-सात जण पकडायला टपलेले असताना. वडिलांना नोकरी हवी होती, तिला कबड्डी. क्रीडा प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे त्या घरात या दोन गोष्टी तशा वेगळ्याही नव्हत्या.

निर्णय

आम्ही सात आठवडे व्यायाम केले. गुडघा पूर्ण सरळ झाला, मांडी बरीच भरली. तरी या काळात गुडघा दोनदा सटकला. एकदा जिना उतरताना, एकदा कॉलेजच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आल्यावर. दुसऱ्या वेळी दोन दिवस सूज राहिली. सटकण्याच्या प्रत्येक वेळी गादीवर घाव बसतो. शिवता येणारी चीर वाढत जाऊन पुढे न शिवता येणारी होते, मग तो भाग कापून काढावा लागतो, आणि गादी गेलेल्या गुडघ्यात झीज लवकर सुरू होते. वय १९, वळणांचा खेळ, व्यायाम करूनही सटकणारा गुडघा आणि शिवता येण्याजोगी गादी. या चार गोष्टी एकत्र आल्यावर ऑपरेशनच, यावर मिरजेचे सर्जन, मी आणि घरचे एकमत झालो. सात आठवडे फुकट गेले असं मुलीला वाटत होतं. ते गेले नव्हते. ऑपरेशनला ती सरळ गुडघा आणि जागी झालेली मांडी घेऊन गेली, याचा फायदा पुढे रोज दिसला.

कंडरा कुठला घ्यायचा यावर सर्जनांनी बराच वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. वाटीखालचा कंडरा दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यांसह घेतात, तो भक्कम बसतो. पण नंतर गुडघे टेकून बसताना पुढे दुखण्याची तक्रार राहू शकते. जमिनीवर बसणाऱ्या घरात आणि गुडघ्यावर पडण्याच्या खेळात ही लहान गोष्ट नाही. घोट्याकडचा पेरोनियस लाँगसचा कंडरा आपल्याकडे बराच वापरतात, पण चढाईत घोट्याच्या जोरावरच निसटायचं असतं म्हणून तो नको ठरला. शेवटी मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग कंडरा चारपदरी करून घ्यायचं ठरलं. त्याची जाडी आठ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. तिची साडेआठ भरली.

सोबत त्याच ऑपरेशनमध्ये, त्वचेखाली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा आधारपट्टी बसवण्याचाही निर्णय झाला. कॅनडा आणि युरोपातल्या ६१८ तरुण रुग्णांच्या अभ्यासात हॅमस्ट्रिंगच्या जोडीला ही पट्टी घेतलेल्यांत दोन वर्षांत नवं लिगामेंट फाटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं होतं. पंचविशीच्या आतल्या वळणाच्या खेळाडूंसाठी मला हा युक्तिवाद पटतो.

खर्चाचा अंदाज पावणेदोन लाख मिळाला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नेमकं काय बसतं आणि कुठल्या रुग्णालयात, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आधी विचारून घ्यावं लागतं. त्यांनी निवडलेलं रुग्णालय योजनेत नव्हतं. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. तेव्हा मी त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली: सगळे पैसे ऑपरेशनवर संपवू नका. पुढचे नऊ-दहा महिने फिजिओथेरपी, येणं-जाणं, खाणंपिणं याचा खर्च वेगळा धरा. ऑपरेशन उत्तम झालेले आणि नंतर व्यायाम सुटल्याने वाया गेलेले गुडघे मी पाहिले आहेत. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्याचा इथे खरोखर उपयोग झाला. सुरुवातीला ती आठवड्यातून तीनदा येऊ शकली.

ऑपरेशननंतर

दुर्बिणीतून पाहिल्यावर गादीची चीर एमआरआयपेक्षा थोडी लांब निघाली, पण शिवता आली. त्यामुळे चार आठवडे कुबड्यांवर अर्धवट भार, सहा आठवडे नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायचं नाही आणि चार महिने उकिडवं बसणं बंद. घरात भारतीय पद्धतीचं शौचालय होतं. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवायला सांगितली होती. घरच्या तयारीतली ही पहिली गोष्ट असते आणि अनेकदा ती डिस्चार्जच्या दिवशी आठवते.

पहिल्या दोन आठवड्यांत मला एकच गोष्ट हवी असते, गुडघा पूर्ण सरळ. घरी येणारी मावशी-आत्या मायेपोटी गुडघ्याखाली उशी सरकवतात, कारण तसं बरं वाटतं. आणि तसाच गुडघा वाकडा आखडतो. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघा मोकळा लोंबू द्यायचा. हे मी तिच्या आईला करून दाखवलं आणि आईने ते इतकं मनावर घेतलं की गुडघा बाराव्या दिवशी पूर्ण सरळ झाला. मांडीचा पुढचा स्नायू सुजेमुळे झोपी जातो. त्याला विजेच्या हलक्या झटक्यांनी जागं करावं लागलं. सहाव्या आठवड्यात कुबड्या सुटल्या, तिसऱ्या महिन्यात सायकल, साडेचार महिन्यांनी हलकं धावणं.

पाचव्या महिन्यात गावच्या यात्रेतल्या कबड्डी स्पर्धा आल्या. सूज नाही, दुखत नाही, धावते आहे. संघाचा निरोप आला, "दोन चढाया तरी कर." तिने मला विनेश फोगटचं उदाहरण दिलं. विनेशचं १७ ऑगस्ट २०२३ ला मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. खरं आहे, आणि अशा उदाहरणाने उमेद येते याचा मला आनंदच आहे. पण विनेशच्या मागे दिवसभर राबणारा चमू होता आणि तिची दुखापत, तिचं ऑपरेशन तिचं होतं. मी नाही म्हणाले, ती रुसली.

तिला समजावलं ते वडिलांनी. नवा कंडरा बसवल्यावर आधी त्याच्या आतल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि हळूहळू त्याचं लिगामेंट बनतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. हे मी सांगत असताना वडील म्हणाले, "म्हंजे आपल्या कलमागत की. खुंटावर काडी बांधली, फूट आली, म्हणून लगेच घड धरत न्हाई आपण. न्हाईतर वेल मोडतो." त्यानंतर यात्रेचा विषय घरात निघाला नाही.

आकडेही हेच सांगतात. नॉर्वेतल्या १०६ खेळाडूंच्या अभ्यासात ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्याने घटला. त्यानंतर मात्र नुसतं थांबून फायदा वाढला नाही. म्हणून नऊ महिने ही किमान मुदत आहे, तेवढ्यावर परवानगी मिळत नाही. नवव्या महिन्यात आम्ही तिची चाचणी घेतली. एका पायावरच्या उडीत डावा पाय उजव्याच्या ९१ टक्के. पण डाव्या मांडीची ताकद मोजली तर ८३ टक्केच. उडीचं अंतर फसवं असतं; खुबा आणि घोटा गुडघ्याची उणीव भरून काढतात. मी ताकदीच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि परवानगी दिली नाही. पुढचे तीन महिने जड वजनाचे एका पायाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, तालुक्याच्या जिममध्ये. बाराव्या महिन्यात ताकद ९४ टक्के आली.

मग उरली भीती. सरावात ती डाव्या पायावर वळण्याआधी एक जादा पाऊल टाकायची. त्या पावलामुळे ती पकडली जायची, हे तिच्या प्रशिक्षकांनी माझ्याआधी टिपलं. आम्ही आधी प्रतिस्पर्ध्याविना चढाई घेतली, मग एक बचावपटू, मग आधी सांगून पकड, शेवटी न सांगता पकड. यात सहा आठवडे गेले. पहिला खरा सामना ती साडेतेरा महिन्यांनी खेळली, तोही अर्धा वेळ.

आज ऑपरेशनला दीड वर्ष झालं आहे. ती पूर्ण सामने खेळते. गुडघा सुजत नाही, मांडी घालून बसता येतं, वज्रासनात शेवटी थोडा ताण जाणवतो. भरतीच्या धावण्याचा सराव पुन्हा सुरू आहे. पण एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळात परतलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंपैकी जवळजवळ दर चौथ्याला पुन्हा एसीएलची दुखापत होते, त्याच गुडघ्याला किंवा दुसऱ्या. ही गोष्ट मी तिच्यापासून लपवलेली नाही. तिचा उजवा गुडघा उडीतून उतरताना आत झुकतो, हे नवव्या महिन्याच्या चाचणीतच दिसलं होतं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तिचा वेगळा व्यायाम चालू आहे. मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे आणि उडी, तोल, ताकद यांचा नियमित वॉर्म-अप ते निम्म्याहून खाली आणू शकतो. म्हणून प्रशिक्षकांनी फुटबॉलच्या 'फिफा इलेव्हन प्लस'वर बेतलेला पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप मुलींच्या अख्ख्या संघाला सरावाआधी सुरू केला आहे. उडीतून उतरताना गुडघे आत जातात अशा आणखी दोन मुली त्यात सापडल्या, आणि पुढच्या महिन्यापासून त्याही माझ्याकडे येणार आहेत.